जुन्या कॉम्प्युटरचं गाण्याचं मशीन: कमीत कमी काय लागतं आणि कुठल्या क्रमाने करायचं

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढून त्याचं गाणी वाजवणारं मशीन करायचं ठरलं, की बहुतेक जण पहिल्याच दिवशी सोलापूरच्या नवी पेठेत जाऊन रॅम घेऊन येतात. घरी आल्यावर कळतं, की मदरबोर्ड डीडीआर-१ चा आहे आणि पट्टी आणलीय डीडीआर-२ ची. ती बदलून आणावी, तर हार्ड डिस्क टकटक करायला लागते. डिस्क नवी घातली, की पुढचा फोन ठरलेला: "चालू होतंय बे, पण आवाजच येईना." वस्तू सगळ्या बरोबर असतात, क्रम चुकलेला असतो.

आपल्याला हवं ते असं: दिवसभर चालणारं, स्क्रीन-कीबोर्ड नसलेलं, मोबाइलवरून गाणं निवडता येणारं आणि वीज जाऊन परत आली तरी कुणी हात न लावता उभं राहणारं मशीन. यात प्रोसेसरला फार किंमत नाही. पैसे घालायचेच असतील तर डिस्क, आवाज आणि वीज या तीन ठिकाणी घाला, त्याच क्रमाने.

## खरेदीच्या आधी कागदावर

मशीन कुठे बसणार ते पहिलं ठरवा. बैठकीच्या खोलीत बसणार असेल तर पंख्याची घरघर खटकते. यंत्रमागाच्या शेडमध्ये ती ऐकूही येत नाही, पण तिथे सुताचे तंतू आत जाऊन मशीन मारतात. खानावळीत किंवा दुकानात बसणार असेल तर गिऱ्हाइकांपुढे गाणी वाजवायला सार्वजनिक वादनाचा परवाना लागतो. घरच्या ऐकण्याला लागत नाही.

मग जागेचा हिशेब. पाच मिनिटांचं गाणं १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये साधारण ५ एमबी होतं, ३२० केबीपीएसमध्ये १२ एमबी. सीडीवरून फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा प्रकार) घेतलं तर ३० एमबीच्या आसपास. म्हणजे दहा हजार गाणी अनुक्रमे ५०, १२० आणि ३०० जीबी. तुमच्याकडच्या जुन्या "दीडशे गाण्यांची एक सीडी" छापाच्या फाइली १२८ च्याच असतात. त्यांच्यासाठी एक टीबीची डिस्क घेणं म्हणजे नुसती हौस.

## टप्पा १: हातात काय आहे ते ओळखा

झाकण उघडा, टॉर्च घ्या आणि वाचा. प्रोसेसर, रॅमचा प्रकार, डिस्कची वायर, यूएसबीची पिढी, एवढं लिहून काढा.

प्रोसेसर. एमपी३ उलगडायला पेंटियम-३ सुद्धा पुरतो. व्यवहारात पेंटियम-४, अ‍ॅटम किंवा कोअर २ ड्युओ हातात येतात, आणि तिन्ही या कामाला जास्तच आहेत. खरा प्रश्न ३२ बिट की ६४ बिट हा आहे. कोअर २ ड्युओ सगळे ६४ बिट. पेंटियम-४ मध्ये जुने ३२ बिट, शेवटच्या काळातले बरेचसे ६४ बिट. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने (डेबियन म्हणजे लिनक्स सिस्टीमचा एक प्रकार) ३२ बिट पीसीवर इन्स्टॉल करण्याची सोय काढून टाकली आहे. त्यामुळे जुन्या पेंटियम-४ वर डेबियन १२ किंवा अँटीएक्सची (जुन्या मशीनसाठीचं हलकं लिनक्स) ३२ बिट आवृत्ती घालावी लागते. हे न पाहता पेन ड्राइव्ह तयार केला तर मशीन बूट होताना एक ओळ दाखवून थांबतं आणि लोक रॅमला दोष देतात.

रॅम. स्क्रीनशिवाय ५१२ एमबी चालते, १ जीबी असली की निवांत. डेस्कटॉपही हवा असेल तर २ जीबी. डीडीआर, डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. पट्टी सहज बसत नसेल तर जोर लावू नका, ती त्या बोर्डाची नाहीच.

डिस्कची वायर. चपटी, रुंद, ४० पिनांची पट्टी म्हणजे आयडीई. बारीक केबल म्हणजे साटा. साटा असेल तर काम निम्मं सोपं.

यूएसबी. २००२ च्या आधीच्या बोर्डांवर बहुधा यूएसबी १.१ असतं. गाणं वाजवायला ते पुरतं, पण कॉपी सेकंदाला जेमतेम एक एमबीने होते. ५० जीबी न्यायला चौदा तास. अशा वेळी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून गाणी भरा आणि मग इकडे बसवा.

वीज. पेंटियम-४ चा डबा नुसता चालू ठेवला तरी ८० वॉटच्या आसपास खातो. रोज दहा तास धरले तर महिन्याला २४ युनिट. जुना लॅपटॉप त्याच कामाला २० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे महिन्याला सहा. घरात फुटक्या स्क्रीनचा लॅपटॉप पडला असेल तर मी डोळे झाकून तोच घेईन. बॅटरी थोडीफार धरत असेल तर यूपीएसही वाचतो.

> सावधान: लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल, कीबोर्ड किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल, तर ती काढून ई-कचऱ्यात द्या. "थोडी फुगलीय, चालेल" असं नसतं.

## टप्पा २: साफसफाई, आणि तीही चालू करण्याआधी

नेमका हाच टप्पा लोक शेवटी ठेवतात. दोन-चार वर्षं पडून असलेलं मशीन थेट वायर लावून चालू करू नका.

पूर्व भागात घराला लागून माग असतील तर कॅबिनेट उघडल्यावर प्रोसेसरच्या पंख्याखाली काय दिसेल ते आधीच सांगतो. हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) पात्यांवर करड्या रंगाचा थर, बोटाने उचलला तर अख्खा निघतो, नमद्यासारखा. सुताचे तंतू आणि धूळ यांचा तो थर हवा आत जाऊच देत नाही. नुसत्या ब्लोअरने तो हलत नाही. पंख्याचे स्क्रू काढा, थर चिमट्याने उचला, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी ब्लोअर.

> सावधान: ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते वाटेल त्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं. वायर काढल्यावर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही. त्यातले मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) वायर काढल्यावरही झटका देऊ शकतात. बाहेरूनच जाळीतून हवा मारा.

हीटसिंक काढलाच असेल तर जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा, वाटाण्याएवढी. पेंटियम-४ चा हीटसिंक सरळ वर ओढू नका. पेस्ट चिकटलेली असते आणि प्रोसेसर सॉकेटमधून उपटून पिना वाकतात. आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सुटा करा.

आता बोर्डावरच्या कपॅसिटरांची टोकं बघा. सपाट हवीत. फुगलेली किंवा तपकिरी चिकट द्रव आलेली असतील तर हा बोर्ड सोडून द्या. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांना हा रोग फार. दुरुस्ती होते, पण त्या पैशात दुसरा जुना डबा येतो.

बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी, सीआर२०३२, न तपासता बदला. ती संपलेली असली की प्रत्येक वेळी वीज गेल्यावर बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डातला मूळ प्रोग्रॅम) सगळं विसरतो आणि "एफ१ दाबा" म्हणत बसतो. तुमच्या मशीनला तर कीबोर्डच नसणार.

## टप्पा ३: उघड्या अंगाने चालवून बघा

जुना मोडेम, टीव्ही ट्यूनर, फ्लॉपी ड्राइव्ह, वेगळं ग्राफिक्स कार्ड (बोर्डावर डिस्प्ले असेल तर) हे सगळं काढा. जेवढ्या वस्तू कमी तेवढी उष्णता कमी, वीज कमी, बिघाडाच्या जागा कमी.

रॅमची एकच पट्टी ठेवून चालू करा. डिस्प्ले आला की मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवा. सकाळी एकही लाल ओळ असता कामा नये. चूक दिसली तर पट्टी काढा, सोनेरी पट्टा खोडरबराने पुसा, परत बसवा, परत रात्रभर.

थांबा, तपासा. इथपर्यंत मशीन धड उभं राहिलं नसेल तर अजून एक रुपयाही खर्च करू नका. बरेचसे पैसे वाया जातात ते ही पायरी गाळल्यामुळे.

## टप्पा ४: डिस्क

जुनी हार्ड डिस्क वापरायची असेल तर तिचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा. त्यातल्या दोनच ओळी महत्त्वाच्या: रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर आणि पेंडिंग सेक्टर. दोन्हीकडे शून्य हवं. पेंडिंगमध्ये आकडा असेल तर त्या डिस्कवर गाणी ठेवू नका. टकटक आवाज येत असेल तर अहवाल बघण्याचीही गरज नाही.

आयडीईच्या जुन्या बोर्डांवर आणखी एक खड्डा आहे. कित्येक जुने बायोस १३७ जीबीच्या पुढची डिस्क ओळखतच नाहीत. २५० ची डिस्क लावली की एक तर १३७ दिसते, नाही तर मशीन डिस्क शोधताना अडकतं. तिथे छोटी डिस्क सिस्टीमसाठी आणि गाणी यूएसबी डिस्कवर, अशी विभागणी करा. एका केबलवर दोन आयडीई वस्तू असतील तर मागचा जंपर एकीचा मास्टर, दुसरीचा स्लेव्ह. दोन्ही मास्टर ठेवल्या तर दोन्ही गायब.

साटा बोर्ड असेल तर सिस्टीमसाठी सगळ्यात लहान एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घ्या. वेगासाठी नव्हे, आवाज आणि उष्णतेसाठी. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२ च्या वरही जातो. बंद कॅबिनेटमधली फिरती डिस्क तेव्हा सहज ५० अंश ओलांडते, आणि तिथून पुढे तिचं आयुष्य झपाट्याने घटतं.

सिस्टीम आणि गाणी एकाच पार्टिशनवर (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) कधीही ठेवू नका. सिस्टीम बिघडली तर ती पुसून परत टाकता आली पाहिजे, गाण्यांना धक्का न लावता.

## टप्पा ५: आवाज

बोर्डावरची हिरवी भोकवाली लाइन-आऊट जागा एमपी३ साठी ठीक असते. तिथून अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्स इनपुटमध्ये जाणारी ३.५ मिमी ते आरसीए केबल घ्या. माइक किंवा फोनो लिहिलेल्या जागी घालू नका. दोन्ही फार बारीक सिग्नलसाठी असतात, तिथे आवाज फाटतो.

माउस हलवला किंवा डिस्क चालली की स्पीकरमधून चिरचिर येत असेल, तर बोर्डाच्या आतला गोंधळ आवाजात शिरतोय. यावर साधा यूएसबी डॅक (बोर्डाच्या बाहेर आवाज तयार करणारी छोटी डबी) लावा. यूएसबी ऑडिओच्या पहिल्या प्रमाणाचा डॅक लिनक्सवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो, आणि जुन्या यूएसबी १.१ वरही.

दुसरा त्रास घुंऽऽ असा एकसारखा गुणगुणाट. हा अर्थिंगचा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोटाची मागची बाजू हलकेच लागली आणि झिणझिण आली, तर प्लगची तिसरी पिन नुसती शोभेला आहे. अर्थिंग नसलं की पत्र्यावर मुख्य विजेच्या निम्म्यापर्यंत दाब तरंगत राहतो, आणि ऑडिओ केबल लावताना तो अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटमधून वाट काढतो. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या. मग कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प्लिफायर भिंतीवरच्या एकाच स्विचबोर्डावर घ्या, दोन खोल्यांतून नको.

> सावधान: गुणगुणाट घालवायला अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. ऐकू नका. आणि ऑडिओ केबल लावताना-काढताना दोन्ही मशीनं बंद हवीत.

## टप्पा ६: बायोस

सिस्टीम टाकण्याआधी तीन गोष्टी बदला. एक, वीज परत आल्यावर काय करायचं, त्याची निवड "चालू हो" अशी. दोन, कीबोर्ड नसला तरी अडू नको. तीन, बूटचा क्रम: आधी सीडी किंवा यूएसबी, इन्स्टॉल झाल्यावर फक्त डिस्क.

थांबा, तपासा. मशीन चालू असताना भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण बंद करा, मिनिटभराने लावा. आपोआप उभं राहतं का? कीबोर्ड काढून परत तेच. ही चाचणी आत्ताच, डिस्क रिकामी असताना करायची. सिस्टीम बसल्यावर मुद्दाम वायर ओढायची नाही.

वीज दोनदा येऊन जायची सवय असलेल्या भागात छोटा यूपीएस लावा. त्यावर फक्त कॉम्प्युटर. अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर यूपीएस पहिल्याच ढोलकीला बसतो.

## टप्पा ७: सिस्टीम आणि गाणं वाजवणारा

घरी विंडोज एक्सपी चालू असेल तर ते ठेवण्याचा मोह होतो. त्याची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली. नेटशिवाय ठेवणार असाल तर ठेवा. पण मोबाइलवरून गाणी बदलायची म्हणजे ते घरच्या नेटवर्कवर येणार, तेव्हा लिनक्स बरं.

जुना बायोस पेन ड्राइव्हवरून बूट होत नसेल तर सीडी किंवा डीव्हीडी लिहा. इन्स्टॉल करताना डेस्कटॉपची खूण काढा. नेटसाठी राउटरपासून साधी लॅन केबल ओढा. जुन्या वायफाय कार्डांच्या मागे लागून दिवस घालवण्यात अर्थ नाही.

त्यावर म्युझिक प्लेअर डीमन, म्हणजे एमपीडी, टाका. हा मागे चालत राहतो, त्याला स्वतःचा चेहरा नाही. हुकूम मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून जातो, अँड्रॉइडवर एम.ए.एल.पी. चांगलं आहे. पुढच्या पाच जागी लोक हमखास अडतात:

१. आवाज नाही. लिनक्सच्या मिक्सरमध्ये चॅनल सुरुवातीला मुके असू शकतात. अल्सामिक्सर उघडा. मास्टर आणि पीसीएमखाली "एमएम" दिसलं तर "एम" दाबून ते उघडा, पातळी वाढवा आणि जतन करा.

२. गाण्यांची यादी रिकामी. एमपीडी स्वतःच्या वेगळ्या नावाने चालतो. गाण्यांचा फोल्डर त्याला वाचता येत नसेल तर त्याच्या दृष्टीने तुमच्याकडे एकही गाणं नाही. फोल्डरची परवानगी बघा, मग यादी नव्याने वाचायला सांगा.

३. मोबाइल जोडला जात नाही. डेबियनमध्ये एमपीडी मुळात फक्त त्याच मशीनचं ऐकतो. सेटिंगमध्ये पत्ता बदलून घरच्या नेटवर्कसाठी उघडा, पोर्ट ६६००. राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला मात्र तो उघडू नका. राउटरवर या मशीनला कायमचा एकच पत्ता बांधून द्या.

४. काल वाजत होतं, आज डॅक गप्प. रीबूटनंतर साउंड कार्डांचे क्रमांक बदलतात. सेटिंगमध्ये क्रमांक न देता कार्डाचं नाव द्या.

५. यूएसबी डिस्क काढली तर मशीनच उभं राहत नाही. ती डिस्क "नसली तरी चालेल" अशा खुणेने जोडा, आणि शक्यतो फक्त वाचण्यापुरती. मग अचानक वीज गेली तरी गाण्यांच्या फाइली बिघडत नाहीत.

आणखी एक, जे रात्री तीनला कळतं. एमपीडी जिथे थांबला तिथून पुढे वाजवतो. संध्याकाळी पूर्ण आवाजात गाणं चालू असताना वीज गेली, आणि ती तीन वाजता आली, की मशीन स्वतःच उठून तेच गाणं त्याच आवाजात पुढे सुरू करतं. सगळी गल्ली जागी. सेटिंगमध्ये "परत सुरू झाल्यावर थांबलेल्या अवस्थेत राहा" हा पर्याय चालू करा.

## टप्पा ८: गाणी भरणं

आपल्या घरांत मराठी अभंग, कन्नड वचनं, तेलुगू सिनेमाची गाणी, हिंदी, कव्वाली असं सगळं एकाच डिस्कवर असतं. जुन्या एमपी३ सीड्यांवरची माहिती बहुतेक वेळा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली असते, ती मोबाइलवर चिन्हांचा कचरा म्हणून दिसते. एकेक टॅग सुधारत बसलात तर काम कधीच संपणार नाही. फोल्डर नीट लावा: आधी भाषा, मग गायक, मग अल्बम. नावं युनिकोडमध्ये, किंवा सरळ इंग्रजी अक्षरांत. गाण्यांच्या आधी ०१, ०२ असे दोन आकडे, नाही तर १० नंबरचं गाणं २ च्या आधी येतं. अ‍ॅपमध्ये फोल्डरने बघण्याची सोय असते. टॅग फक्त तुम्हाला रोज लागणाऱ्या शे-दोनशे गाण्यांचे सुधारा.

सीड्या आधी डिस्कवर पूर्ण उतरवा, मग निवड करा. ओरखडा पडलेली सीडी ड्राइव्हमध्ये अर्धा तास फिरत राहिली तर ती बाजूला ठेवून पुढची घ्या. तिच्यापायी ड्राइव्ह गमावू नका.

जुनं भजन हळू आणि लगेच पुढचं सिनेमाचं गाणं अंगावर येईल इतकं मोठं, हा त्रास असेल तर गाण्यांना रीप्लेगेन (प्रत्येक गाणं किती मोठं वाजतं त्याची नोंद) मोजून घ्या. सेटिंगमध्ये रीप्लेगेन चालू केलं की एमपीडी ते वाचून आवाज सारखा करतो. मोजणी चांगल्या मशीनवर करा, पेंटियम-४ ला पूर्ण संग्रह द्यायला गेलात तर दिवस जाईल.

## टप्पा ९: दुपारी दोनची परीक्षा

झाकण लावून, मशीन ठरलेल्या जागी ठेवून, भर दुपारी चार तास सलग वाजवा. प्रोसेसर ७० अंशांच्या आत आणि डिस्क ५० च्या आत हवी. वर गेली तर आधी जागा बदला: भिंतीपासून वीतभर पुढे, शोकेसच्या बंद कप्प्यात नाही. तरी भागलं नाही तर मागे एक पंखा.

यंत्रमागाच्या शेडमध्ये हवा आत येते त्या जाळीवर पातळ कापड ताणून बसवा आणि ते आठवड्याला झटका. कापड जाड घेतलं तर धूळ अडते आणि हवाही, मग तापमान पुन्हा मोजावं लागतं. घरात तीन महिन्यांनी एकदा आतून साफ केलं तरी पुरतं. मागाशेजारी असेल तर महिन्याला.

गाण्यांची दुसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती या मशीनला जोडून ठेवू नका. विजेचा एकच मोठा झटका आला तर जोडलेल्या दोन्ही डिस्क एकदमच जातात.